प्लॅस्टिकचं चाक

आमच्या इथल्या बॉथेल गावच्या शनिवारच्या बाजारात एक दाढीवाला म्हातारा मांडीवर शेवयांचं यंत्र घेऊन दांडा फिरवतोय, असं मला वाटलं. ते हर्डी-गर्डी नावाचं वाद्य निघालं. आतलं चाक तारांना घासतं आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा सूर निघतो. मला थांबलेला बघून, चाकाला राळ चोळता चोळता तो म्हणाला, “लाकडाचं चाक होतं तेव्हा बेसूर झालं की लाकूड फुगवणाऱ्या पावसाला शिव्या घालायचो. हे प्लॅस्टिकचं बसवलं आणि कळलं, बेसूर मीच आहे.”

नाचता येत नसेल तर अंगण वाकडंच बरं असतं. या येड्याने ते स्वतःच्या हाताने सरळ केलं!

माझा तबला सहा वर्षं इथल्या दमट हवेमुळेच बिघडतोय. कातड्याऐवजी प्लॅस्टिकच्या पुडीचाही तबला मिळतो म्हणे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.