आयरिश गायीचं मूळ

जर्मनीत बॉनला संशोधक म्हणून नेमणूक मिळून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी खोटं बोलले. विद्यापीठाच्या आयरिश भाषेच्या वर्गात प्रत्येकाला एक नाम घेऊन त्याचं मूळ आणि व्याकरण सगळ्यांपुढे मांडायचं होतं. माझ्या वाट्याला ‘बो’ आलं, म्हणजे गाय. प्राध्यापक बाई सहज म्हणाल्या, “संस्कृत तर तुम्हाला घरूनच येत असेल.” मी मान डोलावली. “या, गेनाऊ!” म्हणाले जर्मनमध्ये. हो, अगदी!

घरून! आमच्या बौद्धवाड्यात कुणाच्या घरी होतं संस्कृत? बाबांनी शाळेत तो विषय मागितला, तेव्हा गुरुजींनी “तुला काय करायचंय?” म्हणून दुसऱ्या वर्गात पाठवलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ते माझ्या घरचं धरलं होतं. इतकं गोड वाटलं की नाही म्हणवेना.

मग तीन आठवडे जीव थाऱ्यावर नव्हता. ट्राममध्ये, फोडणी घालताना, जर्मन पुस्तकातून संस्कृत घोकायचे. आयरिश पटकन जमलं: नाम स्त्रीलिंगी, एक गाय ‘बो’, अनेक ‘बा’. आयरिश बो, जर्मन कू, संस्कृत गौः, सगळ्या एकाच दावणीच्या. पण ‘गौः’ पुढे चालवायला गेलं की बोबडी वळायची. पितळ उघडं पडलं तर नेमणूक जाईल, ही धास्ती होतीच. त्याहून जास्त लाज वाटत होती. बाबांना जे मिळालं नाही, ते त्यांच्या घरातून आणल्याची थाप मी मारली होती.

फळ्यापुढे उभी राहिले आणि राहवलंच नाही. “आल्झो... तर, संस्कृत मी घरून आणलेलं नाही. आम्हाला कुणी शिकवलं नाही. हे इथे शिकले, तीन आठवड्यांत.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला. “मग पुढचं नामही तुम्हीच घ्या,” म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. वाटलं, खोटं बोलल्याबद्दल रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं,

“तिथं कुणालाही शिकवतात?”

“कुणालाही.”

“मग म्हण बघू.”

“गौः, गावौ, गावः.”

ते माझ्यामागून म्हणू लागले. सत्तरीचे बाबा ‘गावौ’पाशी अडखळले, पुन्हा म्हणाले. फोनचं कार्ड संपत आलं होतं.

“थांब,” ते घाईघाईनं म्हणाले, “वही घेऊन येतो.”