नसीमबाईंचे सात दिवस

"भाऊ, कॅमेरा मेला!"

नसीमबाई ओरडल्या तेव्हा मी विजयी मुद्रेनं चहा पीत होतो. त्या कुरखेड्याच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन. मी चंद्रपूरहून त्यांचा कॉम्प्युटर सांभाळायला येणारा इंजिनिअर. अर्ध्या तासापूर्वीच त्यावर नवं कर्नेल चढवून मी स्वतःची पाठ थोपटली होती.

कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा ज्या कार्डावर चाले ते बाहेरच्या कंपनीचं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे मॉड्युल, ज्या कर्नेलसाठी बनवला त्याच्याशीच जमतो. कर्नेल बदललं की मॉड्युल पुन्हा बनवायचं. कंपनी बंद पडली होती, पण सोर्स कोड आमच्याकडे होता. हे सगळं मला माहीत होतं. ऐन वेळी विसरलो, एवढंच.

बाहेर बाकावर सुगंधा बसली होती. आठवा महिना, धाप लागलेली, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा संशय. तिच्या रक्ताच्या स्लाइडचे फोटो बाराच्या आत नागपूरच्या डॉक्टरांना जायला हवे होते. बारानंतर ते ऑपरेशनला जाणार. सुगंधाला नागपूरला हलवायचं की इथंच ठेवायचं, हे तेच ठरवणार होते. घड्याळात सव्वाअकरा.

"एका मिनिटाचं काम," मी म्हणालो आणि जुनंच मॉड्युल नव्या कर्नेलमध्ये जबरदस्तीनं घुसवलं. तशी सोय असते. शहाणे ती वापरत नाहीत. स्क्रीन थिजली. माऊससुद्धा हलेना.

नसीमबाईंनी कमरेवर हात ठेवले. "ग्रुप एकच दिसला म्हणून बाटली लावली काय? क्रॉसमॅच कोन करन?"

त्यांची दहा वर्षं चंद्रपूरच्या रक्तपेढीत गेली होती. तिथे ग्रुप जुळला तरी रक्ताची प्रत्येक बाटली पेशंटच्या रक्ताशी आधी जुळवून पाहतात.

"आता नव्यानं बनवावं लागेल," मी पुटपुटलो. "तासभर तरी."

"मंग जुनं कर्नेल कायले ठेवलं?"

आणि मला मघाचं आठवलं. मी जुनं कर्नेल काढायला निघालो होतो, तर बाईंनी कीबोर्डच ओढून घेतला होता. "काऊन काढून राह्यले? सात दिवस राहू द्या!" रक्तपेढीत दिलेल्या रक्ताचा नमुना सात दिवस फ्रिजमध्ये ठेवतात, काही बिघडलं तर तपासता येतं. "बाई, हे रक्त नाही, सॉफ्टवेअर आहे," म्हणून मी हसलो होतो. ऐकलं, कारण चहा त्यांचा होता.

मशीन बंद करून चालू केलं. सुरुवातीच्या मेनूत जुनं कर्नेल निवडलं. कॅमेरा जिवंत! बाईंनी फोटो काढले. फोनच्या तारेवरून ते पाठवायला मोडेम किंचाळू लागला तसा सुगंधाचा नवरा मारोती दारातून डोकावला.

"हे काऊन बोंबलून राह्यलं, बाई?"

"नागपूरले हाका मारून राह्यलं. तू गाडीत चादर टाकून ठेव."

बाराला दहा कमी असताना फोटो पोचले. पाच मिनिटांत फोन आला: लगेच पाठवा. ॲम्ब्युलन्स निघाली.

मग मी मॉड्युल नव्या कर्नेलसाठी बनवायला बसलो. नव्या कर्नेलमध्ये कार्डाशी बोलायची पद्धत थोडी बदलली होती. कोडच्या चार ओळी दुरुस्त केल्या. कॅमेरा चालू झाला. मी बॅग उचलली.

"बसा," नसीमबाई म्हणाल्या. त्यांनी काल फोटो काढलेली एक स्लाइड पुन्हा लावली आणि नवा फोटो कालच्या फोटोशेजारी ठेवला. पेशी निळ्या!

"हे कोनाचं रक्त हाय, भाऊ? खेकड्याचं?"

त्या चार ओळींत मी लाल आणि निळ्याची अदलाबदल करून ठेवली होती. तेही सुधारलं. मग कुठे माझी सुटका झाली. जुन्या कर्नेलला मात्र बाईंनी पुढचे सात दिवस हात लावू दिला नाही.

पुढच्या खेपेला कळलं, सुगंधाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मोठमोठ्या ऑफिसांत मी आजही अपडेटनंतर जुनं कर्नेल सात दिवस ठेवतो. एखादा मॅनेजर विचारतोच, "सातच का?"

मी चष्मा पुसतो आणि गंभीरपणे सांगतो, "इंडस्ट्री स्टँडर्ड."