आमच्या पेठेतली बेकरी हलली तेव्हा

मी पोलिसात असताना तपासलेली ती फिर्याद कागदावर कधीच निकाली निघाली, माझ्या मनात मात्र अजून पडून आहे.

सोलापुरात तीन पिढ्या चाललेली ती बेकरी. जागामालकाला इमारत पाडायची होती, म्हणून बेकरीवाल्या चाचांच्या मुलानं शहराबाहेर गाळा ठरवला. लाकडाची भट्टी उचलून नेता येत नाही. विजेची भट्टी, वीजजोडणी, गाळ्याची अनामत, सगळं नव्यानं. त्यानं बायकोचे दागिने मोडले, पतसंस्थेचं कर्ज काढलं. अनामत भरायच्या आदल्या दिवशी ती रक्कम दुकानातल्या कपाटातून गेली. मुदत टळली तर गाळा हातचा जाणार होता.

पंचनाम्यात कुलूप शाबूत निघालं. किल्ल्या तिघांकडे: मुलगा, त्याचे वडील म्हणजे चाचा, आणि वैराग गावचा जुना भट्टीवाला. मुलानं थेट भट्टीवाल्याचं नाव घेतलं. मी त्याला ठाण्यात बसवून आवाज चढवला. तो एवढंच म्हणाला, "चोरायचंच असतं तर इतकी वर्सं धुरात कशाला काढली असती, सायेब?"

खबर मिळाली ती माझ्याच घरी. दिवाळीआधी आमच्याकडच्या बायका पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. जेवताना बायको म्हणाली, "यंदाही पीठ इथंच आणा म्हणालेत चाचा. नवरात्रातच सांगितलंय."

मी मनातल्या मनात तारखा जुळवल्या. चोरी झाली दसऱ्यानंतर. दिवाळीआधी जागा रिकामी करायची होती. आपण हलणार नाही, हे म्हाताऱ्याला नवरात्रातच कसं कळलं?

चाचांना बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला, जबाबाचा कागद काढला नाही. फक्त दिवाळीच्या पिठाचं विचारलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"पैसा मैद्याच्या पिंपात हाय, साब. मुदत टळू द्यायची होती, बस. तिकडं पीठ घेऊन कोण येणार?"

"आणि तुमचा माणूस इथं चोर म्हणून बसलाय, त्याचं काय?"

ते उठले आणि पिंप दाखवायला माझ्यापुढं चालू लागले.

पैसे मिळाले, पण मुदत टळली होती आणि गाळेवाला अनामत वाढवून मागत होता. मी स्वतः गेलो. शिपाई म्हणून लागून कुणाच्या चिठ्ठीशिवाय वर आलेला माणूस मी, भाव करायला मला पोटानं शिकवलंय. दोनदा उठून दारापर्यंत गेलो आणि त्याला जुन्याच रकमेवर आणलं. बेकरी वाचली. भट्टीवाला मात्र मालकाचं तोंड न बघता वैरागला निघून गेला. वरिष्ठांनी मला खासगी व्यवहारात पडल्याबद्दल खुलासा विचारला, आणि चाचांनी पुन्हा कधी माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही. बेकरी वाचवून हे वाट्याला आलं, हा राग माझ्या मनात अजून आहे.

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिचाच डबा पीठ-तूप-साखरेनं भरून नव्या बेकरीत गेलो. मुलगा अदबीनं म्हणाला, बाहेरचं आता भाजत नाही, मशीनला परवडत नाही. त्यानं नानकटाईचं पाकीट पुढं केलं. दाराशी चाचा एकटेच बसले होते. माझ्या हातातल्या डब्याकडे बघत म्हणाले, "आता कळलं, साब?"

तपास माझा बरोबर होता, यावर मी आजही ठाम आहे. पण हलण्याचा खर्च मुलानं मांडला, गाळेवाल्यानं मांडला, मी घासाघीस करून तो कमीही केला. चाचांचं काय जाणार आहे, हे कुणी विचारलंच नाही. मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसलो. पिठाचा डबा दोघांच्या मधे ठेवला.