दुनळी जमा

गल्लीत त्याला सगळे हुकूमराव म्हणत, आणि हे नाव त्याच्या बायकोनेच पसरवलं हे उघड गुपित होतं. बावीस वर्षं पलटणीत काढून आलेला हा माणूस केस कापायला निघतानाही विचारायचा, "जाऊ का?" ती म्हणायची, "जा, पण परत आलात की सलाम ठोकू नका. शेजारीण हसते."

भरती होताना त्याने बरंच काही फाटकाबाहेर ठेवलं होतं. दाढी, मनाला येईल तेव्हा भटकणं, निवडणुकीत कुणाचा झेंडा धरणं. त्यातलं काही जड गेलं नाही. जड गेली ती वडिलांची दुनळी बंदूक. बराकीत राहणाऱ्याने स्वतःचं हत्यार शस्त्रागारात जमा करायचं, पुसायला हवं असेल तर साहेबाच्या सहीची चिठ्ठी आणायची. "माझीच बंदूक, आणि मीच हात पसरू?" म्हणून तो महिनाभर फणफणत होता.

ती फणफण ऐकून शेजारच्या खाटेवरचा हसला. मोकळ्या वेळात बासरी वाजवायचा, म्हणून त्याला बासरीवाला म्हणत. त्याने पेटीतला मोज्यांचा गोळा उलगडून पिस्तूल दाखवलं. "आजोबांचं. जमाच केलं नाही. बोलायचं नाही हं, गड्या!"

हुकूमराव बोलला नाही. उलट मनातून खूश झाला, कुणीतरी नियमाला टांग मारली होती. आणि शेजारच्या खाटेची चहाडी करायची नाही, हा बराकीचा कायदा छापील कायद्याच्या वरचा.

पुढे बासरीवाल्याला घरून एक पत्र आलं. त्याने जेवण टाकलं, बासरी वाजेनाशी झाली. हुकूमरावाला ते दिसत होतं, ती पेटीही दिसत होती. दोनदा तो साहेबाच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे कवायतीला असताना, बराकीतून गोळीचा एकच आवाज आला.

चौकशीत साहेबाने विचारलं, "त्याच्याकडे पिस्तूल आहे, तुला ठाऊक होतं?"

"नाही, साहेब."

निवृत्तीनंतर दुनळी परत मिळाली. थोरल्या भावाने ती हौसेने जेवणघरात टांगली. त्या दिवसापासून हुकूमराव पानावर बसला की समोर कुणीतरी मान खाली घालून मोजे गुंडाळत बसलेलं असायचं.

"उतरवूया ती," तो म्हणाला.

"अरे, परवाना आहे, तुझा हक्क आहे! बाबांची आठवण," भाऊ म्हणाला. "एवढा फौजी गडी, भुताला भितोस?"

मग एके दिवशी वाढता वाढता बायकोचा हात थांबला. "अहो, सरकून जागा कुणाला देताय?"

त्याच दुपारी दुनळी चादरीत गुंडाळून तो पोलीस ठाण्यात गेला. कारकून म्हणाला, "परवाना चालू आहे, तक्रार नाही. मग कायमची जमा कशाला? कारण लिहा."

त्याने लिहिलं. कारकुनाने चष्मा वर करून वाचलं: 'मला ठाऊक होतं. ठाऊक नाही म्हणालो.'

"काका, याला कारण म्हणत नाहीत. इथे 'वैयक्तिक' लिहितात. खोडतो मी."

हुकूमरावाने कागदावर पंजा ठेवला. "खोडू नका."

"मोठे साहेब विचारतील, कुणाबद्दल, कधीचं? उगाच लचांड मागे लागेल."

"विचारू देत. सांगेन."

साहेब जेवायला गेले होते. यायला दीड तास लागला. तोवर तो बाकावर बसून राहिला.