मन्यार की कवड्या

चिखलीहून मेहकरला जाणाऱ्या रात्रीच्या एस.टी.त एक जाडजूड बाई माझ्या शेजारी बसली होती. अंगावर ठसठशीत दागिने, तोंडात पान आणि आवाज सगळ्या गाडीला पुरेल एवढा. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

हिवरा आश्रमाच्या अलीकडे ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. तापलेल्या डांबरावर पट्ट्यापट्ट्यांचा साप पसरला होता. कंडक्टर ऐटीत उतरला, चपलेनं त्याला बाजूला सारू लागला आणि एकदम ओरडला. साप पायाच्या अंगठ्याला चावला होता.

"मन्यार! मारा!" लोकांनी दगड उचलले.

"थांबा बे, अगुदर पाहू द्या," म्हणत बाई मलाही ओढत खाली उतरली. माझ्याजवळची बॅटरी तिनं मलाच सापावर धरायला लावली आणि पदर खोचून वाकली. "पट्टे मानेपाशी ठळक, शेपटीकडे पुसट. कवड्या हाये, बिनविषारी. मन्यारचं उलटं असते."

"मी मरतो काय व माय?" कंडक्टर रडत होता.

"तू मेल्यावर घंटी कोन वाजवीन बे? बस गाडीत."

साप झुडपात गेला. तिनं मात्र गाडी थेट मेहकरच्या दवाखान्याकडे घ्यायला लावली, मधे कुठं थांबू दिली नाही.

"कवड्याच आहे, तर घाई कशाला?" मी धीर करून विचारलं.

ती माझ्या कानाशी वाकली. "माह्या नजरेच्या भरवशावर मी साप सोडते पोरी, मानूस नाई."

डॉक्टरांनी कंडक्टरला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी तो हसत बाहेर आला, तेव्हा बाई व्हरांड्यात घोरत पडली होती.