ल्वान ताई आणि सोन्याचा जेल

चीनमधल्या चांगचुनच्या त्या प्रयोगशाळेत ल्वान गुईझी सव्वीस वर्षं काचेची भांडी धूत होती. काम हलकं वाटेल. पण तिथं डोळ्याला न दिसणारे सोन्याचे कण जेल नावाच्या लिबलिबीत पदार्थात मुरवत. गार असला की तो जेल मावळतीच्या आभाळासारखा तांबडा नि आरपार. तळहाताच्या उबेनं दुधाळ व्हायचा, निवला की पुन्हा तांबडा. भांड्याला तसूभर तेलकटपणा राहिला, तर सोनं काळवंडून तळाशी बसे. गुईझी म्हणायची, "आंबवलेल्या कोबीच्या रांजणात तेलाचा थेंब पडला की रांजण गेला. सोन्याचे नखरेही तसलेच." जहाल आम्लानं धुतलेली तिची बाटली कधी दगा देत नसे.

तरी संचालक पांग साहेबांनी भांडी धुण्याचं यंत्र मागवलं. उद्घाटनाला प्रांताचे बडे साहेब येणार होते, आणि दुसऱ्या दिवसापासून गुईझीनं घरी बसायचं होतं.

बाहेर उणे वीस. पाहुणे गारठू नयेत म्हणून पांग साहेबांनी जादा हीटर लावले, वर कॅमेऱ्यांचे दिवे. खोलीची भट्टी झाली. पाहुण्यांना दाखवायला बाटलीत मांडलेल्या जेलनं आपला धर्म पाळला; पाहुणे जिन्यात असतानाच तो पांढराफटक पडला.

"भांडं नीट धुतलं नाहीस तू!" पांग साहेब दातओठ खात कुजबुजले.

"भांडं नव्हे साहेब, खोली तापलीय. बंद करा ते हीटर."

"मग पाहुण्यांना काय कुडकुडत उभं करू?"

राहू दे पांढरा, होऊ दे फजिती, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण सव्वीस वर्षांचा हात ऐकेना. तिनं खिडकी उघडली नि चौकटीवरच्या बर्फात बाटली खुपसली.

बडे साहेब आत आले तेव्हा जेल तांबडाबुंद होता. त्यांनी मुठीत धरला, तो दुधाळ झाला, टाळ्या पडल्या.

"ही या नव्या यंत्राचीच कमाल म्हणायची!" ते म्हणाले.

यंत्राला अजून पाण्याची नळीही जोडली नव्हती.

"अगदी बरोबर ओळखलंत!" पांग साहेब लवून म्हणाले.

"मग जपा त्याला. साऱ्या प्रांतानं पाहावं असं ठेवा."

दुसऱ्या दिवशी यंत्र काचेच्या कपाटात गेलं, शेजारी बड्या साहेबांचा फोटो. त्यांचा हात लागलेल्या वस्तूत खरकट्या बाटल्या कोंबायची कुणाची छाती? दुपारपर्यंत मोरी भांड्यांनी तुंबली. पांग साहेबांनी फोन लावला.

"ताई, येताय ना तुम्ही?"

"येते की. ते यंत्रही पुसावं लागेल ना?"

पांग साहेबांनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

"रोज," ते म्हणाले.