शेवटच्या नळाचे नाना

नानांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली होता. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी चाळीस वर्षं एकाच खांद्यावर वाहिली, तर दुसरं काय होणार! गावाला नळाचं पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. रस्त्याकडेच्या खड्ड्यांत बसवलेले व्हॉल्व्ह त्या चावीने उघडायचे नि बंद करायचे, एवढंच ते काम. कागदोपत्री त्यांना वॉलमन म्हणत. तसं तोंडावर म्हटलेलं मात्र खपत नसे. “वॉलमन पगारपत्रकावर. गावात मी नाना हाये,” असं ते ठणकावून सांगत. आमचं गाव अंबडहून एसटीने पाऊण तासावर. तिथे पाणी आठव्या दिवशी यायचं, म्हणून नानांचा मान सरपंचापेक्षा जास्त होता.

पाणी सोडण्याची त्यांची एक रीत होती. खड्ड्यावरचं झाकण सरकवायचं, चावी आत बसवायची, आणि फिरवण्याआधी तिच्या दांड्याला कान लावून डोळे मिटायचे. मग “बोलून राह्यलंय” म्हणत किंवा “आजून झोपेल हाये” म्हणत. लहानपणी मीही एकदा कान लावून पाहिला होता. मला फक्त माझ्याच कानातलं गुणगुणणं ऐकू आलं. नाना हसून म्हणाले, “धाकले मास्तर, तुमी पुस्तकं वाचा. हे तुमचं काम न्हाई.” माझे वडील शाळेत मास्तर, म्हणून मी धाकला मास्तर. पुढे मला टक्कल पडलं तरी ते नाव काही सुटलं नाही.

आमचं घर माळावरच्या आळीत, अगदी टोकाला. वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या, पुढे छोटा हौद आणि गावातला शेवटचा नळ. पाणी आधी खालच्या आळ्या पिऊन घेत आणि मगच उरलंसुरलं वर चढे. ते आमच्यापर्यंत पोचवायचं तर खालचे सात व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळावे लागत, कुठे किती आटे फिरवायचे ते नानांनाच ठाऊक. एकदा वडिलांनी त्यांना दोनशे पानी वही दिली आणि सगळे आटे लिहून ठेवायला सांगितलं. महिन्याने वही बघायला मागितली, तर तिला सुरेख पुठ्ठा घातलेला होता आणि आत एक अक्षर नव्हतं. “मास्तर, लिव्हून ठेवलं तर पाणी काय वाचून चढणारे का?” वडील त्यांच्यावर चिडले, पण पुढच्या आठवड्यात हौद काठोकाठ भरला तेव्हा गप्प बसले.

नानांचा आणखी एक रिवाज होता, तो मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही. गावात कोणी वारलं, की माणसं स्मशानातून परतायच्या सुमाराला ते पाळी नसताना त्या आळीचं पाणी सोडत. परतलेल्या प्रत्येकाला आंघोळ करावी लागते. दुःखाच्या घरी पाण्यासाठी कोणाच्या दारात जायची वेळ येऊ नये, म्हणून. पण एकच व्हॉल्व्ह उघडला तरी खालच्या सगळ्या नळांना थोडी धार यायचीच. त्यामुळे अवेळी नळ वाजला, की बायका हंडा लावायच्या आधी एकमेकींना विचारायच्या, “कोण गेलं गं?” माझे वडील गेले त्या दिवशीही तसंच झालं. आमच्या नळाला पाऊण तास पाणी होतं आणि नाना खाली चावी धरून उभे होते. सांत्वनाला ते आलेच नाहीत. त्यांना ते जमतही नसे.

पुण्यात आम्ही चौदा वर्षं काढली. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढायचं आणि आम्ही शहराच्या आणखी एका टोकाला सरकायचो. मागच्या वर्षी माझा पगार निम्मा झाला. काम घरून करायची मुभा तेवढी राहिली. गावाकडच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. रोज जेवताना तोच विषय, जायचं की नाही. मेघाची, माझ्या बायकोची, एकच अट होती. तिचं माहेर भोकरदनकडचं आणि तिचं सगळं लहानपण विहिरीच्या वाटेवर गेलेलं. “शाळा साधी चालेल, दवाखाना लांब चालेल. पण माझ्या पोरीच्या डोक्यावर हंडा येता कामा नये,” असं तिने सांगून टाकलं. मी नानांना फोन केला. ते म्हणाले, “बराबर बोलली सूनबाई. घर घेणाऱ्यानं आधी नळाला विचारावं, मंग मालकाला. तुमी येऊन तर पाहा.”

म्हणून मे महिन्यात आम्ही तिघं तीन आठवडे राहून बघायला गेलो. नाना तोवर निवृत्त झाले होते, ठेक्यावरचा नवा माणूस पाणी सोडत होता. तीन आठवड्यांत तीनदा पाणी आलं, आणि काय आलं! ऐन उन्हाळ्यात हौद भरून अंगणात सांडलं. मेघा नळाजवळ उभी राहून लहान मुलीसारखी हसत होती. प्रत्येक वेळी तासाभराने नाना घामाघूम होऊन यायचे आणि पायरीवर टेकून विचारायचे, “आलं का?” त्यांच्या सदऱ्यावर उजव्या खांद्याला गंजाचा तांबडा डाग असायचा. जुना सदरा असेल, असं मला वाटलं. निघताना ते मेघाला म्हणाले, “बिलकुल घोर करू नका, सूनबाई. या जल्दी. हे घर बंद पाहवत न्हाई मला.”

आम्ही पुण्याची जागा सोडली, लेकीचा दाखला काढला आणि टेम्पो भरून जूनमध्ये गावी आलो. सामान उतरवायला नाना आले नाहीत, ते आजारी होते. पाण्याचा पहिला वार कोरडा गेला. दुसऱ्या वाराला नळ नुसता सुस्कारे टाकत राहिला. तेव्हा शेजारच्या राधाकाकू आमच्याकडे एक घागर घेऊन आल्या. म्हणाल्या, “बाई, दोन वरसं झाली माळावर पाणी चढून, आमी विहिरीवरूनच आणू राह्यलो. मे महिन्यात तुमी आल्ता तवा नानाच चावी घेऊन फिरू राह्यले होते ना! गावात कोणी गेलं की घेत तशीच, त्या नव्या माणसाच्या हातापाया पडून चावी मागून घ्यायचे. आमाला वाटलं, तुमाला ठाऊक असंल.”

मेघाने घागर पिंपात रिकामी केली. मग म्हणाली, “अहो, त्यांनी फसवलं आपल्याला.” मला राग आला, तो नानांचा की माझा स्वतःचा, हे कळेना. गंजाचा डाग मी तीनदा पाहिला होता. पुण्याची जागा दुसऱ्याला गेली होती, नवी घ्यायची ऐपत उरली नव्हती. आता इथेही पाणी नव्हतं.

आम्ही दोघं जाब विचारायला म्हणूनच नानांकडे गेलो. ते बाजेवर पडले होते, खांद्याची हाडं वर आलेली. मला पाहताच त्यांनी उशाखालून वडिलांनी दिलेली ती पुठ्ठ्याची वही काढली. “धाकले मास्तर, लिव्हून घ्या. मास्तर बराबर म्हणत होते.” मी पेन काढलं. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे करून हवेतच चावी फिरवायला लागले. “बाजारातला पह्यला... हा असा... आन् मंग देवळाचा...” हात बरोबर थांबत होते, पण आकडा काही येत नव्हता. आटे त्यांनी कधी मोजलेच नव्हते, ते हातालाच माहीत होते. तीनदा सुरुवात केली, तीनदा थांबले, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “वरी पाणी आलं का?”

मी मेघाकडे पाहिलं. तीच पुढे झाली आणि म्हणाली, “आलं ना, नाना. हौद भरला.”

“मंग झालं,” म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली.

चौथ्या दिवशी नाना गेले. त्यांचं घर आमच्याच आळीत. स्मशानातून परतलो तेव्हा आळीतल्या बायकांनी सवयीने नळाखाली बादल्या लावून ठेवल्या होत्या. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण सगळे उभे राहिले. नाना गेले म्हणजे पाणी येणार, असंच जणू सगळे धरून चालले होते. अर्धा तास गेला, नळ साधा वाजलाही नाही. शेवटी मेघाने आमच्या पिंपातलं उरलेलं पाणी काढलं आणि माणशी एक तांब्या दिला. तेवढ्यावर हातपाय धुऊन माणसं पांगली. मी तांब्या हातात धरून रडलो. वडील गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका दुकानदाराने मला हटकलं. म्हणाला, “काय मास्तर, नानाची तब्येत कशी हाये आता?” खालच्या आळ्यांना कळलंच नव्हतं. अवेळी नळ आला नव्हता, मग कळणार कसं? मी त्याला सांगितलं, तर तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला.

वही अजून माझ्या टेबलावर आहे, कोरीच. काल मी खिडकीशी काम करत बसलो होतो. विहिरीकडच्या वाटेने राधाकाकू येत होत्या, त्यांच्यामागे मेघा आणि मेघाच्या मागे आमची लेक. तिच्या डोक्यावर हंडा होता. तोल जाऊ नये म्हणून तिने डावा हात वर धरला होता आणि तिचा उजवा खांदा किंचित खाली गेला होता.